हातातली कोंबडी

कोंबडी डोळ्यांना दिसते तेवढी मोठी नसते. अंगणात मान वर करून चालणारी गावरान तलंग उचलून घेतली की तिचा निम्मा आकार पिसांचाच होता हे हाताला कळतं. पिसांखाली उरतं ते जेमतेम किलो-सव्वा किलोचं अंग: पातळ, सैल कातडी, छातीच्या मधोमध बोटाला लागणारं लांब हाड आणि त्याच्या दोन्ही बाजूंना भरलेलं किंवा ओसरलेलं मांस. दुसरी गोष्ट कळते ती ऊब. माणसाचं अंग ३७ अंश सेल्सिअसला असतं, कोंबडीचं ४१ ते ४२ अंशांना. त्यामुळे धडधाकट कोंबडीही नवख्या माणसाला तापाने फणफणलेली वाटते. तिसरी गोष्ट तिचं काळीज. मिनिटाला अडीचशेच्या वर पडणारे ठोके वेगवेगळे मोजता येत नाहीत, तळहाताला नुसती थरथर जाणवते. ही थरथर म्हणजे भीती असं लोक धरून चालतात. भीतीने ती वाढते हे खरं, पण निवांत बसलेल्या कोंबडीचं काळीजही आपल्या तिप्पट वेगाने चालत असतं.

मराठीत कुक्कुटपालनावर पुस्तकं पुष्कळ निघाली. शेडची लांबी-रुंदी, खाद्याचं प्रमाण, लसीकरणाचं वेळापत्रक, बँकेच्या कर्जाचा हिशेब हे सगळं त्यांत सापडतं. कोंबडी धरायची कशी, धरल्यावर हाताला काय काय लागतं आणि त्यावरून काय ओळखायचं, हे मात्र एखाद्या ओळीत उरकलेलं असतं. लिहिणाऱ्यांनी असं धरलं की हे घरच्या बायकांना येतंच, ते काय लिहायचं! मला यात मोठा तोटा दिसतो. जे येतंच म्हणून कुणी लिहून ठेवत नाही, ते एका पिढीत जातं. वर्धा जिल्ह्यात ते जाताना दिसतं आहे, म्हणून हे पुस्तक.

वर्ध्यातून असं पुस्तक निघावं याला आणखी एक कारण आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला देशभरातले शिक्षणतज्ज्ञ जमले, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. शिकणं हाताच्या कामातून सुरू व्हावं, हात आधी आणि पुस्तक मागून, हा तिचा गाभा होता. टकळी, माग, शेती, बागकाम यांना त्या अभ्यासक्रमात जागा मिळाली. कोंबडीला मिळाली नाही, आणि सेवाग्राम आश्रमाच्या शाकाहारी वातावरणात ती मिळणंही अवघड होतं. गांधीजींचं मत मात्र लोक समजतात तेवढं बंद नव्हतं. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या बंदिवासात त्यांनी आरोग्यावर जी पुस्तिका लिहिली, तीत कोंबड्याचा संग नसलेल्या कोंबडीच्या अंड्याला त्यांनी मांसाहारात धरलं नाही. दूध चालत असेल तर असं अंडं खायला हरकत नसावी, असं त्यांनी स्वच्छ मांडलं. आश्रमापासून हाकेच्या अंतरावरच्या वस्त्यांमध्ये तेव्हाही खुराडी होतीच. त्या खुराड्यांशी बसून बायका जे करत होत्या ते नई तालीमच्या कसोटीला पुरेपूर उतरणारं शिक्षण होतं असं मी मानतो. पाटी-पेन्सिलीला हात न लावता मुली आईजवळ बसून ते शिकत होत्या.

सेलू तालुक्यातल्या एका घरी संध्याकाळी पाहिलेलं सांगतो. दिवेलागणीला कोंबड्या खुराड्यात शिरत होत्या. घरधनीण दाराशी उकिडवी बसली होती. आत जाणाऱ्या प्रत्येकीला ती एका हाताने अडवायची आणि दुसऱ्या हाताची बोटं तिच्या गळ्याखाली फिरवायची. तिथे खाल्लेलं साठवायची पिशवी असते. दिवसभर चरून आलेल्या कोंबडीची ती टच्च भरलेली असते. ज्वारीचे दाणे, तुरीची चुरी, बारीक खडे बोटांना वेगवेगळे कळतात. एकीची पिशवी रिकामी लागली. बाईने तिला बाजूला घेतलं, पंख उचलून काखेत बोटं घातली, छातीचं हाड चाचपलं, शेपटीखालची पिसं पाहिली आणि तिला वेगळ्या डालाखाली झाकून ठेवलं. या सगळ्याला मिनिटभरही लागलं नसेल. काय झालं म्हणून विचारलं तर उत्तर आलं, “आंग हलकं लागून रायलं.” पुढे काही नाही. हलकं म्हणजे किती हलकं, काल किती होतं, हे तिच्या हातात होतं.

पशुवैद्यकाच्या भाषेत सांगायचं तर तिने तेवढ्या वेळात बरीच तपासणी केली. संध्याकाळी रिकामी पिशवी म्हणजे कोंबडी चरलेली नाही. पहाटेही पिशवी भरलेली आणि कणकेगत घट्ट लागली तर अन्न पुढे सरकलेलं नाही. दाबल्यावर पाणी हलल्यासारखं वाटलं तर दुखणं आतलं आहे. छातीचं हाड हे कोंबडीचं प्रकृतिमान. दोन्ही बाजूंचं मांस हाडाच्या बरोबरीने आलेलं असेल तर तब्येत ठीक. हाड टोकदार वर आलेलं असेल तर अंग मोडलेलं. काखेत आणि शेपटीच्या मुळाशी कातडी सगळ्यांत ऊबदार आणि पिसं विरळ, म्हणून उवा तिथेच घर करतात. बोट फिरवलं की खरखर लागते. शेपटीच्या बुडाशी वरच्या बाजूला तेलाची लहानशी गाठ असते, चोचीने त्यातलं तेल घेऊन कोंबडी पिसांना लावते. आजारी कोंबडी हे सोडून देते आणि तिची पिसं हाताला कोरडी, भुरभुरीत लागतात. डोळ्यांना हा फरक दिसायला आणखी दोन-तीन दिवस जातात.

सकाळची तपासणी निराळी. अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात आणि त्यांतला बहुतेक वेळ, जवळजवळ २० तास, ते कवच चढण्यासाठी एकाच जागी असतं. म्हणजे आज अंडं देणार असलेल्या कोंबडीच्या पोटात सकाळी ते टणक झालेलं असतं आणि शेपटीखालून हलकेच चाचपलं तर बोटाला लागतं. ज्यांना ते लागतं त्या कोंबड्यांना बायका तेवढ्यापुरतं डालाखाली ठेवतात, बाकीच्या सोडतात. नाही तर अंडं जातं पऱ्हाटीच्या ढिगात किंवा शेजारच्या तुरीत, आणि मुंगसाला मिळतं. नुकतं दिलेलं अंडं हातात घेतलं तर ते ओलसर असतं. पाहता पाहता तो ओलावा वाळतो आणि कवचावर नजरेला न दिसणारा पापुद्रा धरतो. रोगजंतूंना बाहेर ठेवणारा हा पापुद्रा अंडं धुतल्याने जातो, म्हणून उबवणीचं अंडं जुन्या बायका धुवू देत नाहीत. कारण त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, नियम मात्र बरोबर होता.

कोंबडी अंड्यावर आहे की अंडी थांबली, हे ओळखायची खूणही बोटांचीच. शेपटीखाली दोन बाजूंना दोन बारीक हाडं असतात. अंड्यावर असलेल्या कोंबडीची ही हाडं लवचीक असतात आणि त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं बसतात; थांबलेलीची कडक होऊन जवळ येतात, एक बोट मुश्किलीने शिरतं. तुराही सांगतो: अंड्यावर असलेलीचा भरलेला, गरम, मऊ, थांबलेलीचा आकसलेला, गार, कोरड्या पापुद्र्याचा. १९१० च्या दशकात अमेरिकेत वॉल्टर होगन यांनी बोटांनी घ्यायचं हेच माप पद्धतशीर मांडलं आणि त्यांच्या नावाने ते जगभर शिकवलं गेलं. आर्वी-आष्टीकडच्या बायकांनी होगनचं नाव ऐकलेलं नाही. त्यांनी हे आपल्या सासवांकडून घेतलं.

हाताच्या ज्ञानाला पुस्तकात आणण्याचा होगनचा प्रयत्न एकटा नाही. जपानमध्ये १९२० च्या दशकात कियोशी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका दिवसाच्या पिल्लाचा नर-मादी भेद ओळखण्याची रीत बसवली. पिल्लू डाव्या मुठीत धरायचं, अंगठ्याने मागचं द्वार हलकेच उघडायचं आणि आतला मोहरीहून बारीक उंचवटा पाहायचा. वाचायला सोपं वाटतं, पण त्यासाठी शाळा निघाल्या, तिथे महिनोन्महिने सराव करून घेत आणि तिथून तयार झालेली माणसं जगभरच्या हॅचऱ्यांमध्ये जात. यशाची किल्ली पिल्लाला किती दाबायचं यात होती: जास्त दाबलं तर ते मरतं, कमी दाबलं तर काही दिसत नाही.

याउलट जाणारी एक जुनी वाट आहे, जिथे हाताने कोंबडीवर काय परिणाम होतो याचाच शोध घेतला गेला. १६४६ मध्ये आथानासिउस किर्खर या जेझुइट विद्वानाने लिहून ठेवलं की कोंबडी जमिनीला टेकवून धरली आणि चोचीसमोर खडूची रेघ ओढली तर सोडल्यावरही ती निश्चल पडून राहते. आपल्याकडची पोरं तिचं डोकं पंखाखाली घालून तिला झुलवतात, तोही याच जातीचा प्रकार. कोंबडी निजली असं सगळे म्हणतात. ती निजलेली नसते. पकडणाऱ्याच्या तावडीतून सुटायचा दुसरा मार्ग उरला नाही की पक्षी मेल्यासारखा होतो; काळीज आत चालूच असतं आणि भीती जितकी मोठी तितका वेळ ती तशीच पडून राहते. पुढे शास्त्रज्ञांनी हाच वेळ भीती मोजण्याचं माप म्हणून वापरला. मुलांना हा खेळ दाखवणाऱ्या मोठ्यांनी एवढं सांगितलं पाहिजे.

विसाव्या शतकात कोंबडीच्या स्वभावाचा अभ्यास वाढत गेला. नॉर्वेच्या थोरलीफ शेल्डेरूप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कोंबड्यांमधली टोचण्याची उतरंड मांडली. कोण कोणाला टोचतं हे ठरलेलं असतं, आणि म्हणूनच कळपातली एखादी कोंबडी आजारपणासाठी पंधरा दिवस वेगळी ठेवून परत सोडली तर तिला आपली जागा नव्याने मिळवावी लागते. स्कॉटलंडमध्ये रोझलिनला ब्रायन जोन्स यांनी दाखवलं की लहानपणी रोज थोडा वेळ हलक्या हाताने हाताळलेली पिल्लं मोठेपणी माणसाला कमी घाबरतात. देवळीच्या एका घरातली चिमुरडी पिल्लांना रोज ओंजळीत घेऊन बसायची आणि त्या पिल्लांच्या कोंबड्या झाल्यावर लस द्यायला आलेल्या माणसाला त्यांच्यामागे धावावं लागलं नाही. हे पुस्तकात तिच्या आजीने सांगितलं आहे.

कोंबडीला स्पर्श कसा होतो, हा प्रश्न फार थोड्यांनी विचारला. पिसाला स्वतःला जाणीव नसते, पण पिसाच्या मुळाशी कातडीत सूक्ष्म कंपनं टिपणाऱ्या संवेदनपेशी असतात. म्हणून पिसांच्या टोकाला लागलेला वाराही तिला कळतो आणि पिसं उलट्या दिशेने चोळलेली तिला सहन होत नाहीत. चोचीचं टोक मज्जातंतूंनी भरलेलं आहे. चोच हे तिचं बोट म्हटलं तरी चालेल. अंड्यांच्या पिंजऱ्यांतल्या कोंबड्यांची चोच पिल्लू असताना कापतात तेव्हा काय कापलं जातं, ते यावरून समजावं. आणि श्वास. कोंबडीला आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा नसतो. तिच्या अंगात नऊ हवेच्या पिशव्या असतात आणि छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच त्यांत हवा भरते. लहान मूल प्रेमाने तिला छातीशी आवळून धरतं तेव्हा ती ओरडतही नाही, कारण तिला श्वासच घेता येत नसतो. बाजारात पाय बांधून उलट्या टांगलेल्या कोंबडीची आतडी, यकृत सगळं हवेच्या पिशव्यांवर येतं. हिंगणघाट काय, सिंदी काय, कोणत्याही आठवडी बाजारात सायकलच्या दांड्याला अशा कोंबड्या अजून दिसतात. त्या शांत दिसतात म्हणून त्यांना त्रास नाही असं समजणं हे किर्खरच्या कोंबडीला निजलेली समजण्यासारखंच आहे.

मग धरायचं कसं? पुस्तकात यावर सगळ्यांत जास्त पानं आहेत, पण मूळ गोष्ट समुद्रपूरकडच्या एका आजींनी पोराला सांगितली तेवढीच: “धरू नोको, उचल. पाय नोको, आंग घे.” एक हात मागून-खालून छातीखाली सरकवायचा, दोन्ही पाय बोटांच्या फटींत येऊ द्यायचे, म्हणजे तिचं वजन तळहातावर राहतं. दुसरा हात पाठीवरून दोन्ही पंखांवर, दाबायला नव्हे, नुसता झाकायला. तोंड धरणाऱ्याच्या काखेकडे. अंधार मिळाला की ती शांत होते. पंखांच्या मुळाशी धरून उचलण्याची रीत सर्रास आहे, आणि अनुभवी हात ती इजा न करता करतात. पण भारी अंगाच्या सुधारित कोंबडीचा खांदा त्यात निखळतो, म्हणून आम्ही ती शिकवत नाही. दिवसा पळापळ करून पकडण्यापेक्षा रात्री खुराड्यातून उचलणं कधीही बरं. कोंबडीला अंधारात नीट दिसत नाही आणि ती जागची हलत नाही. लसीकरणही त्यामुळे भल्या पहाटे किंवा रात्री उरकावं.

वर्ध्याचा उन्हाळा हा या विद्येतला वेगळा धडा आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, म्हणजे हवा कोंबडीच्या अंगापेक्षाही तापलेली असते. तिला घाम येत नाही. ती उष्णता तुऱ्यातून, लोळ्यांतून, पायांच्या नळ्यांतून आणि धापा टाकून बाहेर टाकते. डिसेंबरात गार, कोरडे, खवल्याखवल्यांचे लागणारे पाय मेमध्ये हाताला चक्क गरम लागतात. पंख अंगापासून सुटलेले असतात, चोच उघडी असते. अशा वेळी दुपारी तिला उचलणं म्हणजे तिच्या अंगावर आणखी एक गरम अंग लादणं. धावपळीने मेलेल्या कोंबड्यांचे किस्से प्रत्येक गावात आहेत. पावसाळ्यात उलट. भिजलेली पिसं चिकटली की कोंबडी हातात एवढीशी होते, आणि काळी माती पिल्लांच्या बोटांना गोळा होऊन बसते. ती ओढून काढली तर नख निघतं, कोमट पाण्यात भिजवून सोडवावी लागते.

खुडूक कोंबडीबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण तिच्याजवळ हाताची परीक्षा होते. उबवायला बसलेल्या कोंबडीच्या पोटाची पिसं गळतात आणि तिथली उघडी कातडी अंड्यांना थेट टेकते. तिच्याखाली हात घातला की अंगापेक्षाही अधिक ऊब लागते. ती अंग पसरून चपटी होते, पिसं फुलवते, घशातून गुरगुरते आणि टोचते. तिच्याखाली हात समोरून घालायचा नाही, मागून, हळू, हाताची पाठ वर ठेवून. २१ दिवसांपैकी शेवटच्या आठवड्यात अंडं गालाला लावून पाहणाऱ्या बायका आहेत. आत जिवंत पिल्लू असेल तर अंडं स्वतःची ऊब धरून ठेवतं, मेलेलं लवकर गार पडतं. पिल्लू निघतं ते ओलं, चिकट, कुरूप. काही तासांत वाळून त्याची लव फुलते आणि सगळ्यांना ते उचलावंसं वाटतं. तेव्हा लक्ष द्यावं ते त्याच्या पायांकडे. पिल्लाचे पाय गालाला लावून गार लागले तर त्याला ऊब कमी पडते आहे, मग ऊब देणाऱ्या दिव्याचा आकडा काहीही सांगो. आणि पहिल्या दिवसानंतर त्याच्या गळ्याखालची पिशवी पातळ आंबिलीसारखी मऊ भरलेली लागली तर ते खातं-पितं आहे. मोठ्या कंपन्यांच्या मार्गदर्शिकांतही पायांची आणि पिशवीची ही तपासणी आज शिकवली जाते.

हे सगळं ज्या पक्ष्याचं, तो आला कुठून? चार्ल्स डार्विन यांनी १८६८ मध्ये पाळीव कोंबडीचा पूर्वज लाल रानकोंबडा असल्याचं मांडलं. २००८ मध्ये असं दिसून आलं की पिवळ्या कातडीचा गुण मात्र दख्खन-दक्षिणेकडच्या राखी रानकोंबड्याकडून आला. म्हणजे ज्या पिवळ्या पायांना आपण गावरानची खूण मानतो त्यांत आपल्या रानाचाही वाटा आहे. माणसाळवणीचं सगळ्यांत जुनं ठिकाण कोणतं यावर वाद होता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने थायलंडमधल्या बान नॉन वाटकडे बोट दाखवलं आणि कोंबडी माणसाकडे धान्याच्या ओढीने आली असावी असं सुचवलं. हाताळणीच्या दृष्टीने यातलं महत्त्वाचं एवढंच की ही रानातली, झाडावर रात्र काढणारी, शिकार होणारी जात आहे. वरून झडप घालणारा हात तिला ससाण्याचाच वाटतो. जमिनीलगत, बाजूने येणारा हात तिला चालतो.

जातीगणिक स्पर्शही बदलतो. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याची कातडी, तुरा, हाडंसुद्धा काळी असली तरी हाताला तो चपळ, घट्ट अंगाचा गावरान पक्षीच लागतो. असील मात्र हातात घेताच ओळखू येतो. आखूड, अंगालगत चिकटलेली पिसं, खाली दगडी स्नायू आणि आकाराच्या मानाने चकित करणारं वजन. झुंजीसाठी त्याला तेल लावून, मालिश करून तयार करणाऱ्या शौकिनांकडे हाताळणीचं खोल ज्ञान आहे. त्या झुंजींना माझा विरोध आहे, कायद्याचाही आहे. तरी त्या हातांना जे ठाऊक आहे ते आम्ही नोंदवून ठेवलं. नागड्या मानेच्या कोंबडीच्या अंगावर पिसंच कमी असतात म्हणून विदर्भाच्या उन्हात तिचा निभाव चांगला लागतो. वनराजा, गिरिराजा या सुधारित जाती भरदार. त्यांना एका हाताने उचलायची गावरानची सवय चालत नाही.

आणि शेवटी ब्रॉयलर. बी. व्ही. राव यांनी पुण्यात १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केल्या, १९८२ मध्ये अंड्यांच्या दरासाठी राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि महाराष्ट्रात कोंबडी अंगणातून उठून उद्योगात गेली. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या ८५ कोटींहून अधिक कुक्कुट पक्ष्यांपैकी सुमारे ३२ कोटी परसातले होते, बाकीचे शेडमधले. ब्रॉयलर ज्याने कधी उचललेला नाही त्याने एकदा उचलावा. चाळीसेक दिवसांचं, अजून पिल्लाच्या आवाजात ओरडणारं, दोन किलोंच्या वर गेलेलं अंग. पांढरी विरळ पिसं, छाती जवळजवळ उघडी, मऊ आणि गरम. पायांच्या सांध्यांवर ओल्या तुसात बसून पडलेले चट्टे. गावरान हातातून सुटायला धडपडते, हा पक्षी वजन टाकून देतो. शेड रिकामी करायची गाडी रात्री येते आणि मजूर एकेका हातात कितीतरी पक्षी पायांनी धरून क्रेटमध्ये भरतात. त्यांना घाई असते ती मजुरीची. अमोनियाने चुरचुरणारे डोळे, ओरबाडलेली मनगटं आणि पहाटे न मिटणारी मूठ यांबद्दल त्यांनी जे सांगितलं ते या पुस्तकात आहे. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणारा कायदा आहे, २०१७ मध्ये विधी आयोगाने कोंबड्यांच्या वाहतुकीवर आणि पिंजऱ्यांवर स्वतंत्र अहवाल दिला. पण कोंबडी शेवटी माणसाच्या हातात असते, आणि त्या हाताला किती घाई करायला लावायची हे गाडीचा मालक ठरवतो.

आत्ताच हे लिहायचं कारण काय, याचं उत्तर वर्ध्याच्या अलीकडच्या इतिहासात आहे. कापसाने पिचलेल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ मध्ये पंतप्रधानांनी पॅकेज जाहीर केलं त्यांत वर्धा होता. तेव्हापासून जोडधंद्याचा आग्रह सुरू आहे आणि बचत गटांच्या बायकांना सुधारित पिल्लं वाटली जातात. प्रशिक्षणात खाद्य आणि औषधं शिकवतात. हात शिकवत नाहीत, कारण तो त्यांना आहे असं धरलेलं असतं. पण गटातल्या तिशीच्या आतल्या कितीतरी जणींच्या माहेरी खुराडंच नव्हतं. त्या पिल्लांना धरायला घाबरतात, मग पिल्लांना कुणी रोज हाताळत नाही. आजार हातानेच आधी कळणारा असतो, आणि मानमोडी, म्हणजे राणीखेत, एकदा कळपात शिरली की दोन-चार दिवसांत अंगण रिकामं करते. तिच्यावरची लस स्वस्त आहे. सातव्या दिवशी डोळ्यात थेंब, पुढे आठव्या आठवड्यात पंखाखाली टोचण. थेंब नीट पडायचा तर पिल्लू हातात स्थिर धरता आलं पाहिजे, अख्ख्या मोहिमेचं यश त्या धरण्यावर आहे.

स्पर्शाचा धोकाही लिहिला पाहिजे. २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा देशाला पहिल्यांदा कळलं की कोंबडीला हात लावणं हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न होऊ शकतो. एकाएकी मेलेले पक्षी उघड्या हातांनी उचलायचे नाहीत, कापायचे तर नाहीतच. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. आणि रोजच्या हाताळणीनंतर साबणाने हात धुवायचे, मुलांचे आधी. पुस्तकात ही सूचना पुन्हा पुन्हा येते, ती संपादनातली ढिलाई नव्हे.

कापण्याबद्दलचं प्रकरण असावं की नाही यावर आमच्यात बराच वाद झाला. अखाडीच्या जेवणाला किंवा देवाच्या मानाला जी कोंबडी जाते ती बहुधा त्याच हातांनी वाढवलेली असते. वर्धा-यवतमाळच्या बाजूच्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, तर कोंबड्याशिवाय पूजा पुरी होत नाही. जे हात रोज तिची पिशवी चाचपतात ते तिला शेवटचं कसं धरतात, हे गाळलं तर पुस्तक अर्धं खोटं ठरलं असतं. ते प्रकरण ठेवलं आहे. ज्यांना वाचवणार नाही त्यांनी ते ओलांडून पुढे जावं.

या पुस्तकातला मजकूर तीन तऱ्हेच्या हातांचा आहे: परसात कोंबड्या पाळणाऱ्या बायका, पशुधन पर्यवेक्षक आणि शेडवर काम करणारे मजूर. त्यांचं म्हणणं त्यांच्या वऱ्हाडी बोलीत ठेवलं, शास्त्रीय खुलासा वेगळा दिला. जिथे बोली आणि शास्त्र जुळलं नाही तिथे दोन्ही शेजारी छापले. बदकं, टर्की, लाव्हे यांना इथे जागा नाही. औषधांचे डोसही मुद्दाम दिलेले नाहीत, ते डॉक्टरांकडून घ्यावेत. चित्रांमधल्या सगळ्या कोंबड्या त्यांच्या पाळणाऱ्यांच्याच हातांत आहेत आणि चित्रासाठी एकीलाही उलटी टांगलेली किंवा पाठीवर पाडलेली नाही. मापांविषयी एक सूचना. कोंबडी अंड्यावर आहे का हे सांगताना कुणी दोन बोटं म्हणतं, कुणी तीन. आम्ही आधी सगळीकडे एकच आकडा घालायचं ठरवलं होतं. कच्चा मजकूर वाचून दाखवला तेव्हा कारंज्याकडच्या एका बाईंनी आपला हात शेजारणीच्या हाताशेजारी ठेवून दाखवला. त्यानंतर प्रत्येकीचं माप तिच्याच बोटांत ठेवलं, आणि शेवटच्या पानावर वाचणाऱ्याने आपल्या बोटांची रुंदी लिहून ठेवायला जागा सोडली आहे.